सईची युनिव्हर्सिटी मी कशी निवडली

माझ्या मुलीनं मेडिकलसाठी कोणती युनिव्हर्सिटी निवडायची, हा निर्णय माझ्यामुळे झाला. नागपूरला फोन करून मी हे सगळ्यांना सांगितलं आहे आणि त्यात एकही शब्द खोटा नाही. फक्त निर्णय नेमका कसा झाला, असं कोणी विचारलं की माझ्या फोनची रेंज जाते.

सई एकोणीस वर्षांची. पहिल्या खेपेला मेडिकलसाठी अर्ज केलेल्या चारही ठिकाणांहून तिला नकार आला. मग तिनं लंडनमध्येच बायोमेडिकल सायन्सला प्रवेश घेतला. हॅरोतल्या आमच्या घरून रोज मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेननं जायची, यायची, आणि अभ्यास सांभाळून मेडिकलचे अर्ज पुन्हा भरायची. (अमेरिकेतल्या माझ्या मावसभावाला हे समजावताना मी 'प्री-मेड ट्रान्सफर' म्हणतो. इथे तसलं काही नसतं, निवड झाली तरी सगळं पहिल्या वर्षापासून पुन्हा! पण 'प्री-मेड ट्रान्सफर' म्हटलं की तो पुढे काही विचारत नाही.) एक डिग्री अर्धी सोडून येणाऱ्यांना बरीच मेडिकल स्कूल्स दारातही उभं करत नाहीत. जी करतात त्यांचे इंटरव्ह्यू सईनं दिले आणि आम्ही तिघंही श्वास रोखून बसलो.

मार्चमधल्या एका सकाळी जिन्यावरून किंकाळी आली.

"आई! बाबा! माझा ऑफर आला! दोन आला!"

"ऑफर आली. दोन आल्या," पल्लवीनं रडता रडता दुरुस्त केलं. (पल्लवी, म्हणजे माझी बायको, पुण्याची आहे.)

मी तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, म्हणजे स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर. आवाज बंद केला आहे अशा समजुतीत मी "माझी पोरगी डॉक्टर होणार बाप्पा!" असं ओरडून टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. परत येऊन बघतो तर स्क्रीनवर अकरा जण टाळ्या वाजवत होते. साहेबानं विचारलं, "मिलिंद, हे 'बाप्पा' कोण?"

आनंद ओसरायच्या आत प्रश्न उभा राहिला. दोनपैकी एक निवडायची होती. एक युनिव्हर्सिटी लंडनमधली, घरापासून चाळीस मिनिटांवर. दुसरी उत्तरेला समुद्रकाठच्या गावात, गाडीनं पाच तास. उत्तर द्यायला हातात तीन आठवडे.

"त्या दूरच्यात पहिल्या वर्षापासून पेशंटना भेटतात," सई म्हणाली. "लंडनच्यात आधी दोन वर्ष फक्त लेक्चर आहे."

"पेशंट काय पळून जातायत?" मी म्हणालो. "दोन वर्षांनी भेट. तोवर आणखी आजारी होतील, शिकायला बरं!"

"बाबा, हा खूप वाईट जोक होता."

"तुला काय हवंय ते सांग ना," पल्लवी तिला म्हणाली.

"मला अजून माहीत नाही," सई म्हणाली, आणि हे ऐकून मला उगाचच हुरूप आला. मला लंडनचीच हवी होती. कारण विचारलं की मी 'रँकिंग' असं म्हणायचो. रँकिंग मी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

ज्यांना ऑफर मिळाली आहे अशा मुलांना आणि पालकांना त्या उत्तरेच्या युनिव्हर्सिटीनं एक दिवस बोलावलं होतं. आम्ही शनिवारी उजाडताच निघालो. मी पेशानं सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि वर पगार घ्यायचा, हा माझा वीस वर्षांचा धंदा. त्यामुळे माझी योजना साधी होती. जायचं, चार मोठ्या खोटी शोधायच्या, परतीच्या वाटेवर हळूच एकेक काढायची आणि हॅरो येईपर्यंत पोरगी लंडनला कबूल!

पहिली खोट हवेची. ती तर मी घरूनच ठरवून नेली होती. उत्तरेचा समुद्रकिनारा, म्हणजे पाऊस आणि बोचरा वारा. गाडीतून उतरलो तर लख्ख ऊन! लोक हाफ शर्टात आइस्क्रीम खात होते. "आज अपवाद असेल," मी म्हणालो. हॉस्टेलची खोली बघितली. खिडकीतून समुद्र. कँटीनमध्ये गेलो. शाकाहारी जेवण एका कोपऱ्यात नाही, चार प्रकारचं, आणि त्यातली डाळ चक्क डाळीसारखी लागत होती! शेवटचा उपाय म्हणून मी आम्हाला फिरवणाऱ्या विद्यार्थिनीला गाठलं.

"इथे इंडियन दुकान नसेल ना?" मी मोठ्या आशेनं विचारलं.

"आहे ना! त्या चौकातच. ताजा कढीपत्ता पण मिळतो."

"ताजा?" पल्लवीचे डोळे चमकले. तिथे मी ओळखलं की आज आपलं काही खरं नाही.

दुपारी क्लिनिकल स्किल्सच्या इमारतीत सगळ्यांना एका मोठ्या हॉलमध्ये बसवलं. निराशेपोटी मी तीन कप कॉफी प्यायलो होतो. कार्यक्रम सुरू होण्याआधी मोकळं होऊन यावं म्हणून मी चिवड्याची पिशवी खांद्याला अडकवून बाहेर पडलो. (पिशवी पल्लवीजवळ ठेवली असती तर पुढचा निम्मा प्रकार टळला असता, असं पल्लवी म्हणते.)

मी बाहेर असताना हॉलमध्ये काय झालं ते मला नंतर कळलं. हेलन नावाच्या डॉक्टर बाई स्टेजवर आल्या. त्या मुलांना पेशंटशी बोलायला शिकवतात. त्यांनी सांगितलं, "आमच्याकडे पेशंटची भूमिका करणारे नट असतात. पलीकडच्या खोलीत असाच एक पेशंट बसलाय. त्याच्याशी बोलणं किती अवघड असतं ते बघू या. एखादे पालक डॉक्टर व्हायला तयार आहेत का? खोलीत कॅमेरा आहे, इथे पडद्यावर सगळं दिसेल." एका उंच, टक्कल पडलेल्या गृहस्थांनी हात वर केला. बाईंनी त्यांना खोलीचा रस्ता सांगितला. तेही निघाले.

दरम्यान मी परतीच्या वाटेवर हरवलो होतो. सगळे बोळ सारखे, सगळी दारं सारखी. एक दार अर्धवट उघडं दिसलं म्हणून डोकावलो. आत दवाखान्याची खोली. पलंग, बीपीचं मशीन, आणि खुर्चीत पन्नाशीचा एक भरदार माणूस डोकं धरून बसलेला.

त्यानं मान वर केली. डोळे लाल.

"बरं झालं आलात, डॉक्टर," तो म्हणाला.

"मी डॉक्टर नाही," मी म्हणालो. "माझी मुलगी होणार आहे."

(इथे हॉलमध्ये पहिला हशा झाला. पल्लवी हसली नाही. पल्लवीनं समोरच्या खुर्चीच्या पाठीमागे तोंड लपवलं.)

"मला कोणीच काही सांगत नाही," तो माणूस म्हणाला. "गेल्या आठवड्यात मला फिट आली. पहिल्यांदाच. मी लॉरी चालवतो. आता माझं लायसन्स जाणार का?"

आता सांगा, अशा माणसाला सोडून कोणी जाईल? मी दार लावलं, खुर्ची ओढली आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो. तो टक्कलवाला गृहस्थ तेवढ्यात दारापाशी पोचला होता. पण तो ब्रिटिश माणूस! आत कोणीतरी आहे हे काचेतून बघून तो शांतपणे बाहेर रांगेत उभा राहिला. एकटाच. शेवटपर्यंत!

"घाबरू नका," मी पेशंटला म्हणालो. "माझ्या ऑफिसातल्या एकाला अशीच फिट आली होती."

"मग?"

"मग त्याचं लायसन्स गेलं."

माणसाचा चेहरा पडला. सावरून घ्यायला मी म्हणालो, "पण तो आता बसनं जातो आणि खूप बारीक झालाय!"

"बायकोला काय सांगू?" तो हुंदका देऊन म्हणाला. हा कीथ. त्याचं नाव मला मागाहून कळलं, कारण तेव्हा ते विचारायचं मला सुचलंच नाही. इतका सुंदर रडणारा माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. मी पिशवी उघडली, डबा काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"खा. पातळ पोह्यांचा आहे."

त्यानं एक घास तोंडात टाकला आणि त्याला जोराचा ठसका लागला. (हा ठसका अभिनय नव्हता. पल्लवीच्या चिवड्यात माझ्यासाठी नागपुरी प्रमाणात मिरची असते.) तो खोकतोय, त्याचं तोंड लालबुंद, आणि मला वाटलं, झालं, आली दुसरी फिट! मी त्याची पाठ चोळू लागलो आणि दुसऱ्या हातानं नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. माझा थोरला भाऊ डॉक्टर आहे.

"दादा! लवकर!"

दादाला पडद्यावर आधी पलंग दिसला, मग बीपीचं मशीन, मग घामाघूम झालेला मी.

"अगं ऐकलं का!" तो वहिनीला ओरडला. "मिलिंद ॲडमिट झाला!"

"मी नाही दादा, हे झालेत! यांना फिट येते. काय करू?"

"मी हाडांचा डॉक्टर आहे बे! त्याचं हाड मोडलंय का?"

"नाही."

"मग मी काय करू? तिथल्या डॉक्टरला बोलाव!"

"इथे कोणी डॉक्टर नाही!"

"मग हॉस्पिटलमध्ये ने!"

"हे हॉस्पिटलच आहे!"

(हॉलमध्ये आमचं संभाषण मराठीत दणदणत होतं. डॉक्टर हेलननी माइक हातात घेतला आणि विचारलं, "इथे कोणाला ही भाषा येते का?" पल्लवी म्हणते की तिनं सईचा हात घट्ट दाबून धरला होता. सईनं दुसरा वर केला! मग सई स्टेजवर गेली आणि तीनशे लोकांसमोर बापाच्या बोलण्याचं इंग्रजी करू लागली.)

कीथचा ठसका थांबला. त्यानं मला अंगठा दाखवला. माझा जीव भांड्यात पडला, पण दादा फोन ठेवेना.

"बरं, सईचं काय ठरलं? ते दूरचं तर नाही ना घेत?"

आता खोलीत मी आणि एक इंग्रज. मराठीत मनातलं बोलायला यापेक्षा सुरक्षित जागा जगात असू शकत नाही, अशी माझी पक्की समजूत झाली.

"दादा, खरं सांगू?" मी म्हणालो. "युनिव्हर्सिटी फक्कड आहे रे. सकाळपासून खोट शोधतोय, एक सापडेल तर शपथ. खोलीतून समुद्र दिसतो, मास्तर चांगले, डाळसुद्धा चांगली. सईला हीच योग्य आहे. तिचा चेहरा बघितला ना मी, पेशंटचं नाव काढलं की कशी फुलते ती! मीच तिला लंडन, लंडन करतोय."

"काहून?"

"काहून म्हणजे? संध्याकाळी साडेसहाला दारात किल्ली वाजते ना तिची, तेव्हा माझा दिवस सुरू होतो. ती गेली की घरात मी आणि पल्लवी दोघंच. बोलणार काय आम्ही? वीस वर्षांत आज कचऱ्याचा निळा डबा बाहेर ठेवायचा की तपकिरी, यापलीकडे आमचा विषय गेलेला नाही!"

(पल्लवी म्हणते, सईनं हे सगळं नीट इंग्रजीत सांगितलं. डब्यांपाशी हॉलमधले तमाम नवरे हसले आणि तमाम बायकांनी वळून पल्लवीकडे पाहिलं.)

फोन ठेवला तेव्हा माझेच डोळे वाहत होते. कीथ काही बोलला नाही. टेबलावरचा टिश्यूचा डबा त्यानं हळूच माझ्याकडे सरकवला आणि नुसता बसून राहिला. किती बरं वाटलं! मी नाक शिंकरून म्हणालो, "माफ करा. आजारी तुम्ही आणि रडतोय मी."

तेवढ्यात कुठेतरी घंटा झाली. कीथचा चेहरा क्षणात कोरडा झाला. तो ताडकन उठला, माझा हात हातात घेऊन म्हणाला, "फार छान! याआधी कधी नाटकात काम केलंय?"

"नाटक?" मी म्हणालो.

त्यानं बोटानं वर दाखवलं. आल्यापासून ज्याला मी आगीची घंटा समजत होतो त्या काळ्या गोळ्यात एक लाल दिवा लुकलुकत होता. आणि बोळाच्या टोकाकडून टाळ्यांचा कडकडाट ऐकू येत होता.

मला हॉलमध्ये नेलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. टक्कलवाला गृहस्थ माझ्या मागोमाग आत आला आणि त्यानंही वाजवल्या. डॉक्टर हेलननी माझं परीक्षण केलं. मी पेशंटचं नाव विचारलं नाही, त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही, त्याला तिखट चारलं आणि त्याची खासगी माहिती थेट परदेशात पाठवली. "पण," त्या म्हणाल्या, "खुर्ची जवळ ओढली, ते उत्तम." मी खाली मान घालून पल्लवीशेजारी जाऊन बसलो.

"आज शनिवार," ती कुजबुजली. "आज कुठलाच डबा नसतो."

परतीच्या वाटेवर मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला, म्हणजे हायवेवरच्या थांब्याला, चहा घ्यायला थांबलो, तेव्हा सई कपाकडे बघत म्हणाली, "बाबा, मी तिथेच जाणार."

"माझ्यामुळे चिडून?"

"नाही! तू रडला ना, तेव्हा त्या माणसानं काय केला बघितलंस? काहीच नाही बोलला. फक्त तो बॉक्स दिला. तो नट आहे, बाबा. त्याला कोणीतरी ते शिकवलं असेल. मला पण ते शिकायचं आहे." मग म्हणाली, "आणि तू टेस्टर आहेस. तुला दिवसभर एक पण खोट नाही सापडला."

"सापडली नाही," पल्लवी म्हणाली आणि तिनं सईला जवळ घेतलं. मीही उठून दोघींना मिठी मारायला गेलो आणि चहा सांडला. पण त्या क्षणी मला खरोखर इतका आनंद झाला की मी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी कुटुंबाला सांगून टाकलं, "माझी मुलगी डॉक्टर होणार आहे! समुद्रकाठी!"

पुढे गाडीत पल्लवीनं तोंड उघडलं. बोलायला विषय नाहीत म्हणतोस? थांब! वीस वर्षांतले सगळे विषय तिनं तारीखवार काढले. माझ्या आईनं लग्नात काय म्हटलं इथपासून ते परवाच्या ओल्या टॉवेलपर्यंत. हॅरो आलं, गाडी दारात उभी केली, तरी आम्ही अजून आमच्या लग्नाच्या चौथ्या वर्षातच होतो.

महिन्याभरात युनिव्हर्सिटीतून मला एक पत्र आलं. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरू का, अशी परवानगी मागितली होती. कीथनं दिली होती, माझी बाकी होती. खुर्ची जवळ ओढण्याबद्दल असणार, असं समजून मी फुशारकीनं सही ठोकली.

सप्टेंबरअखेरीला सई तिकडे गेली. दुसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"बाबा, आज आमच्या पूर्ण वर्गाला तुझा व्हिडिओ दाखवला."

"हो का! काय म्हणाले सगळे?"

"सगळ्यांनी नोट्स घेतल्या. आता दरवर्षी दाखवणार आहेत."

मी तडक नागपूरला फोन लावला. "दादा! आपल्या घरात मेडिकल शिकलेला तू एक, शिकणारी सई दुसरी. आता शिकवणाराही झाला! मी!"

"तू?" दादा म्हणाला. "तू कोणता विषय शिकवतोस बे?"

"गप्प बसून ऐकणं," मी म्हणालो, आणि पुढचा पाऊण तास त्याला एक शब्द बोलू न देता ते कसं करायचं हे समजावून सांगितलं.